झाकण नसलेली पेटी

माप घ्यायला माणूस आला तेव्हा मला वाटलं, कपड्यांचं असेल.

दुपारची वेळ. सुमेध जेवून फरशीवर गाड्यांची रांग लावत बसला होता. दारातल्या माणसाने आपलं नाव मानसिंग सांगितलं, सोसायटीच्या कार्यक्रमाचं डेकोरेशन माझ्याकडे आहे म्हणाला. कानावर पेन्सिल आणि हातात टेप. शिंप्याची कापडी टेप नव्हे, सुताराची, खटकन आत जाते ती.

"बच्चे का माप लेना है, भाभी. जयप्रकाश साहेबांनी पाठवलं."

मी सुमेधला भिंतीला पाठ लावून उभं केलं. त्याने टाचा जुळवल्या, छाती पुढे काढली. पाच वर्षांच्या पोराला उंची मोजायची म्हटलं की आनंदच होतो. मानसिंग हसला.

"खडा नहीं, भाभी. झोपवा ना जरा त्याला."

"झोपवून कशाला?"

"पेटीचं माप आहे ना. शहीदवाली."

मला काही कळायच्या आत सुमेध आपणहून फरशीवर आडवा झाला. मानसिंग गुडघ्यावर बसला. टेप त्याच्या डोक्यापासून टाचेपर्यंत गेली, मग एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. सुमेधला गुदगुल्या होत होत्या.

"वर-खाली थोडी जागा जास्त सोडतो," मानसिंग मला समजावत होता. "बाजूने भोकं पण पाडतो. हवा खेळती राहील. काय टेन्शन नका घेऊ."

तो गेल्यावर मी सुमेधला उठवलं, कपडे झटकले. त्याच्या अंगाला काही लागलं नव्हतं. तरी झटकत राहिले.

आमच्या सोसायटीसमोरच्या चौकाला आकाशचं नाव आहे. रस्त्यापलीकडे माथाडी कामगारांची बैठी घरं आहेत, तो तिथला, गिरजामावशींचा मुलगा. त्याच्या वडिलांनी, बाजीरावकाकांनी, वाशीच्या मार्केटात कांद्याची पोती वाहून त्याला वाढवलं, तो सैन्यात गेला, आणि तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात सीमेवर तोफेचा गोळा पडून गेला. माझा नवरा रोहन त्याच चाळीत वाढला. आकाश त्याच्याहून दोन इयत्ता पुढे. आम्ही सोसायटीत फ्लॅट घेतला तो नंतर.

आकाशचा स्मृतिदिन सोसायटी करते. पहिल्या वर्षी मेणबत्त्या होत्या, दुसऱ्या वर्षी बाइक रॅली. या वर्षी कमिटीने जिवंत देखावा ठरवला होता, गणपतीत मंडळं करतात तसा. प्रसंग होता, वीराचं घरी परतणं. आठवी-नववीतली चार पोरं खांद्यावरून पेटी आणणार. मोठा माणूस त्यांना उचलवणार नाही, म्हणून आतला जवान लहान पाहिजे. बाहुली ठेवा असंही कुणीतरी म्हणालं होतं म्हणे. पण देखावा बसवणाऱ्या सुनीती मॅडम, ज्यांचे क्लबहाउसमध्ये डान्सचे क्लास चालतात, त्या म्हणाल्या की बाहुली ठेवली तर जिवंत देखावा कसला?

हे सगळं मला संध्याकाळी रोहनकडून कळलं. त्याला आधीपासून माहीत होतं.

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"म्हणून तर नाही विचारलं." तो बूट काढत होता, माझ्याकडे बघत नव्हता. "अगं, नाटक आहे. शाळेत ससा झाला होता, तेव्हा शेपूट फुटली का त्याला?"

"जिवंत पोराला असं झोपवत नाहीत, रोहन."

"का? काय होतं?"

मी फरशीवरच्या गाड्या गोळा करू लागले.

"बोल ना. अपशकुन? म्हण की एकदा तोंडाने. एम.एस्सी. झालेली बाई तू. रविवारी विहारात पोरांना शिकवतेस, अंधश्रद्धा सोडा, प्रश्न विचारा. बाबासाहेबांचा फोटो आहे बघ भिंतीवर. त्यांच्यासमोर म्हण."

त्याने मला बरोबर पकडलं होतं. सुमेधच्या कानामागे मी अजून काजळाचा ठिपका लावते. रोहनने आंघोळ घालायच्या आधी पुसते, त्याला दिसू नये म्हणून. मला माहीत आहे त्याने काही होत नाही. मला हेही माहीत आहे की न लावण्याने काही होत नाही. तरी लावते.

मग रोहन खुर्चीत बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ऐक, संघप्रिया. आधी त्यांनी ए विंगमधलं कुणाचं तरी पोर धरलं होतं. मीच म्हटलं, माझा घ्या. आकाश आणि मी एका ताटात जेवलोय. चौकाला त्याचं नाव आहे, फ्लेक्सवर त्याचा फोटो आहे, आणि स्टेजवर दरवेळी कोण असतं? भाषणं ह्यांची, गाणी ह्यांची. गिरजामावशीला पुढे खुर्ची आणि एक शाल, संपलं. एकदा तरी आपल्यातलं लेकरू मधोमध असू दे की."

तो खोटं बोलत नव्हता.

तालमी क्लबहाउसमध्ये व्हायच्या. पेटी तयार नव्हती तोवर कॅरमच्या टेबलावर चादर अंथरून सुमेधला झोपवायचे. मी दाराशी उभी राहायचे. बाकीच्या आया मोबाइल बघत बसायच्या, माझं लक्ष सुमेधच्या पोटावर असायचं. पोट वर, पोट खाली.

"सुमेध बाळा, पोट हलतंय," सुनीती मॅडम म्हणायच्या. "शहीद काकांचं पोट हलतं का? श्वास हळूहळू घ्यायचा. आणि कुणी अगदी जवळ आलं की? काय करायचं?"

"धरून ठेवायचा!"

"शाब्बास. ती व्यक्ती बाजूला गेली की सोडायचा. बोलायचं मात्र नाही. शहीद बोलत नाहीत."

पोरगं माझं आज्ञाधारक. बालवाडीत बाई 'हाताची घडी' म्हणाल्या तर घरी येईपर्यंत घडी सोडायचं नाही. मॅडम खूश होत्या. जयप्रकाशकाका, आमचे चेअरमन, बँकेतून रिटायर झालेले, एकदा तालीम बघायला आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "काय नैसर्गिक पडतो हो हा! रोहन, पोरगा नाव काढणार तुझं."

सुमेध आता घरीही सराव करू लागला. मी भाजी चिरत असताना आतून आवाज येईनासा व्हायचा. जाऊन बघते तर पलंगावर सरळ पडलेला, डोळे मिटलेले. हाक मारली तरी हलायचा नाही. मी हलवायचे, मग चिडायचा.

"आई, मी मेलोय ना! मध्ये मध्ये बोलू नको."

एकदा भाताचा घास तोंडात असताना त्याने मान टाकली. मी त्याच्या पाठीत जोरात थापटी मारली, त्याला ठसका लागला, रडला. रोहन म्हणाला, अति करतेस. त्या दिवशी मी ठरवलं, गिरजामावशींना जाऊन सांगायचं.

खरं सांगायचं तर माझा हिशेब साधा होता. मी नाही म्हटलं तर मी घाबरट, अंधश्रद्धाळू, वर सोसायटीच्या कार्यक्रमात खोडा घालणारी. पण आकाशच्या आईनेच नको म्हटलं तर? मग पेटीही नाही आणि सुमेधही नाही, आणि कुणी एक शब्द काढणार नाही.

मी गेले तेव्हा बाजीरावकाका दारात पेपर पसरून मेथी निवडत होते. गिरजामावशी आत भिंतीला टेकून बसल्या होत्या, गुडघ्यांना तेल लावत.

"जयभीम, मावशी."

"जयभीम. ये गं माय, बस. लेकरू कुटं हाय?"

"शेजारी ठेवलंय."

"आनायचं की. त्याला बी बघितलं असतं." त्यांनी तेलाची बाटली बाजूला सारली. "सोसायटीचं आवतन घेऊन आलीस व्हय? आवंदा म्या येनार न्हाई बग. आदीच सांगते. गुडघं दुखतेत. आन् त्या खुर्चीवर बसून बसून आंग आंबतं. लोक माझ्या तोंडाकडं बघत बसतेत, आता रडंल, मंग रडंल."

"रडली न्हाई तर नाराज होतेत," दारातून काका म्हणाले. "मागल्या साली एकानं इचारलं मला, काकू ठीक आहेत ना? म्हनलं, ठीक हायेत, तेच तर."

मावशी हसल्या. मला वाटलं, बरंच झालं, त्या येणारच नाहीत. पण त्या न आल्याने सुमेध पेटीतून निघणार नव्हता.

"मावशी, ह्या वर्षी ते पेटी आणणारेत."

"कसली पेटी?"

"आकाशदादाची. म्हणजे तशीच, प्लायवूडची. पोरं खांद्यावरून आणणार. आणि आत सुमेधला झोपवणारेत. आकाशदादा म्हणून."

मेथीची काडी मोडल्याचा बारीक आवाज येत होता तो थांबला. काका उठून आत आले.

"कुनाच्या डोक्यातून निघालं हे? जयप्रकाश का?" त्यांचा आवाज चढला. "जित्या लेकराला? त्याच्या मायसमोर? थांब, चप्पल घालतो, आत्ता जातो."

माझा जीव हलका झाला. मी याचसाठी आले होते. काका खरंच चप्पल शोधू लागले.

"थांबा हो जरा," गिरजामावशी म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. "झाकन हाय का पेटीला?"

"काय?"

"झाकन. वरून."

"नाही. उघडीच आहे."

"मंग तोंड दिसतं?"

"हो, दिसतं."

मावशींनी पदर ओढून घेतला. मग बोलल्या त्या माझ्याशी नाही, काकांशीही नाही, गुडघ्याशी बोलावं तशा बोलल्या.

"माझ्या पेटीला खिळे हुते. सायेब म्हनला, आई, उघडू नका. ह्यांनी बी म्हनलं, उघडू नको. चार बायांनी मला धरलं. म्या वरून हात फिरवला, नुसता लाकडावरून. डोकं कुठल्या अंगाला हाय ते बी मला कुनी सांगितलं न्हाई. म्या एका कडंला डोकं टेकून रडले. त्याचं डोकं हुतं तिथं का पाय हुते, का तिथं काईच नव्हतं, आजून ठावं न्हाई मला."

"गिरजे," काका म्हणाले.

"तुमी गप बसा. तुमाला ठावं हाय का? न्हाई ना." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्या येते. सांग त्यास्नी, येनार हाय म्हनावं. लेकरू भ्येनार तर न्हाई ना तुझं?"

तो घाबरतो, मावशी, रात्री दचकून उठतो, असं सांगायचं मी घरून ठरवून आले होते.

"नाही," मी म्हटलं. "नाही घाबरत."

कार्यक्रम सोसायटीच्या मैदानात होता. खाडीकडून वारा नाही, नुसता चिकट घाम. स्टेजमागेच क्लबहाउस, तिथे पेटी ठेवली होती. मानसिंगने खरंच बाजूला भोकं पाडली होती, कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या. आत पांढरं कापड.

पाहुणे उशिरा येणार होते, पण एन्ट्री केव्हाही होईल म्हणून सुमेधला आधीच आत निजवलं. मी पुठ्ठ्याने वारा घालत बसले. हिरवट कपडे, शाळेचे काळे बूट पॉलिश करून, वरून तिरंगी कापड छातीपर्यंत. मेकअपवाली मुलगी आली, तिने त्याच्या तोंडावर पांढरी पावडर फासली.

"आई, नाकाला खाज येतेय."

मी खाजवलं.

"ताई, तुम्ही बाहेर बसा बरं," सुनीती मॅडम म्हणाल्या. "आई जवळ असली की पोर हलतं. मी आहे ना इथे."

बाहेर पहिल्या रांगेत 'वीरमाता-वीरपिता' असा कागद चिकटवलेल्या दोन खुर्च्या होत्या. मावशी पांढऱ्या साडीत, काका इस्त्रीच्या शर्टात. मी त्यांच्यामागे बसले. रोहन साउंडवाल्याजवळ उभा होता, त्याने मला अंगठा दाखवला. पाहुणे आले. हार, शाली, एक भाषण, दुसरं भाषण. प्रत्येक भाषणात आकाश 'आपल्या विभागाचा सुपुत्र' होता. मी स्टेजच्या पडद्याकडे बघत होते. आत किती गरम असेल. त्याला पाणी पाजायचं राहिलं होतं.

मग दिवे मंद झाले, स्पीकरवर बिगुल वाजला आणि पडदा बाजूला झाला.

चार पोरं पाय आपटत आली. पेटी टेबलावर ठेवली, पुढची बाजू खाली केलेली, लोकांना नीट दिसावं म्हणून. सुमेधच्या कपाळावर लाल रंग होता. कानशिलापासून खाली ओघळ काढलेला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडून काहीतरी निघालं असणार, कारण शेजारच्या बाईने माझा दंड दाबला आणि म्हणाली, "किती खरं वाटतं ना!"

"आता वीरमाता गिरजाबाई पुष्पचक्र अर्पण करतील," जयप्रकाशकाका माइकवर म्हणाले.

मावशी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. दोन मुलींनी पुष्पचक्र पुढे केलं, त्यांनी ते घेतलं नाही. पायऱ्या चढल्या, पेटीच्या पायथ्याशी थांबल्या. मग हळूच वळसा घालून डोक्याशी आल्या. वाकून तोंडाकडे बघितलं. परत पायाशी गेल्या. त्यांनी तिरंगी कापडाचं टोक उचललं आणि सुमेधच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागल्या.

स्पीकरवरचं गाणं चालूच होतं. बूट काढले, मोजे काढले. एक पाय दोन्ही हातांत धरला, तळव्यावरून अंगठा फिरवला, बोटं एकेक करून चिमटीत धरली. मग दुसरा पाय. मग बाही वर सरकवून हात चाचपला, कोपर, मनगट. शर्टाचं बटण काढून छातीवर तळवा फिरवला, जसं लेकरू पडून आल्यावर कुठे कुठे लागलंय ते आई बघते तसं. मला कळलं, त्या काय शोधत होत्या.

पाहुण्यांच्या टेबलावरची पाण्याची बाटली त्यांनी घेतली. पदर ओला केला. कपाळावरचा रंग पुसायला लागल्या. आधी तो सगळ्या तोंडावर पसरला, गुलाबी झाला, मग निघू लागला. पावडरही निघाली आणि खालचा सावळा गाल दिसू लागला.

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवल्या. मोबाइल वर झाले.

"पाहा, पाहा, आईचं काळीज!" जयप्रकाशकाका माइक तोंडाशी धरून म्हणाले.

मी सुमेधचं पोट बघत होते. ते हलत नव्हतं. कुणी जवळ आलं की श्वास धरायचा, ती व्यक्ती बाजूला गेली की सोडायचा. मावशी बाजूला जात नव्हत्या.

मी उठले. पायऱ्यांशी जयप्रकाशकाका आडवे आले, माइक हाताने झाकून म्हणाले, "ताई, बसा, बसा. लाइव्ह चालू आहे. काय सुंदर झालंय, मोडू नका."

"तो श्वास घेत नाहीये."

"अहो, तेच तर करायचंय त्याला!"

मी त्यांना ढकललं. वर पोचेपर्यंत मावशींनी पायाशी गोळा झालेलं कापड सारखं केलं होतं, मग छातीपर्यंत, मग हनुवटीपर्यंत, आणि मग त्यांनी ते त्याच्या तोंडावरून ओढलं. शांतपणे, दोन्ही टोकं नीट दाबून. संपल्यावर करतात तसं.

मी कापडाखाली हात घातला. छातीवर ठेवला. तिथे काही नव्हतं. मला फक्त माझ्याच बोटांतले ठोके जाणवत होते. मग ती छाती एकदम उचकी लागल्यासारखी वर आली, आणि खाली गेली, आणि परत वर आली.

"हलतंय?" मावशींनी विचारलं. तोंड माझ्या कानाजवळ होतं.

"हो."

"ठेव मंग हात तसाच. काढू नको." त्यांचा हात माझ्या मनगटावर आला. ओढायला नाही, आधाराला. "पर लेकराला उचलू बी नको, संघप्रिया. एवढं होऊ दे माझं."

उचलून पळावं असं माझ्या सगळ्या अंगाला वाटत होतं. तीन वर्षांपूर्वी चार बायांनी त्यांना धरलं होतं. आता त्यांच्या आड मी एकटीच होते. मी हात तसाच ठेवला.

त्यांनी हात जोडले आणि अंत्यविधीतलं त्रिसरण म्हणायला सुरुवात केली. आवाज अगदी खाली, पण टेबलाजवळच्या माइकने तो पकडला. स्पीकरवरच्या गाण्यात पाली शब्द मिसळले, दोन्ही कळेनासे झाले. लोक एकमेकांकडे बघू लागले. सुनीती मॅडम पडद्याआडून हाताने खुणा करत होत्या, बस, बस. एकाएकी गाणं बंद झालं. मी बघितलं तर रोहन साउंडवाल्याच्या मशीनवर वाकलेला होता आणि साउंडवाला त्याच्यावर ओरडत होता.

बाजीरावकाका वर आले. ते स्टेजवर कधी चढत नसत. चपला पायरीखाली काढून आले, पायाशी उभे राहिले आणि बायकोच्या आवाजात आवाज मिसळून म्हणू लागले. म्हणताना त्यांना मध्येच शब्द सुचेनात. मावशी थांबल्या, त्यांना सापडेपर्यंत थांबल्या, मग पुढे गेल्या.

माझ्या तळव्याखाली छाती वर-खाली होत होती. मला आनंद होत होता. त्या दोघांच्या मधोमध उभी राहून, त्यांच्या पोराच्या पेटीत हात घालून, मला इतका आनंद होत होता की मान वर करून त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना. मावशींना तो कळला असणार. माझं मनगट त्यांच्या हातात होतं.

"न्या आता," त्या पोरांना म्हणाल्या.

पोरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी मान हलवली. पेटी उचलली गेली आणि मी तशीच, कापडाखाली हात, तिच्याबरोबर चालत पडद्यामागे गेले. मागे टाळ्यांचा कडकडाट झाला.

क्लबहाउसमध्ये पेटी जमिनीवर ठेवून पोरं पळाली, पाणी प्यायला. मी कापड बाजूला केलं. सुमेधचे डोळे घट्ट मिटलेले, केस घामाने चिकटलेले, गालावर गुलाबी ओघळ.

"सुमू, ऊठ. झालं."

तो ओठ न हलवता म्हणाला, "आजी गेली का?"

गिरजामावशी दारात उभ्या होत्या.

"नाही. आहे इथे."

"मग मी कसा उठू?"

मी त्याच्या काखेत हात घातले, त्याने अंग सैल सोडलं, शिकवलं होतं तसं. जड झालं पोर. मला रडू फुटलं.

"ऊठ लेकरा," मावशी दारातूनच म्हणाल्या. "तुझं काम झालं. लई चांगलं केलंस."

त्याने एक डोळा उघडला, मग दुसरा. उठून बसला. पेटीतून बाहेर पाय टाकला. मला वाटलं, त्या त्याला जवळ घेतील. त्या दोन पावलं मागे सरल्या, हात पदरात लपवले.

"ह्याला घरी ने. मागल्या दारानं ने, तिकडं लोक हायेत. गेल्याबरोबर डोक्यावरून पानी घाल."

"तुम्ही पण चला ना, मावशी. चहा..."

"म्या थांबते इथं त्याच्यापाशी."

पेटी रिकामी होती. पांढऱ्या कापडावर घामाने ओला झालेला आकार राहिला होता, डोक्याचा आणि पाठीचा.

"आन् जाताना मागं वळून बघायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "लेकराला बी बघू देऊ नको. पोचवून आल्यावर बघत नसतेत. तुमी शिकलेली मानसं, मानत नसाल. पर आज बघू नको."

मी मान हलवली. सुमेधचा हात धरला आणि मागच्या दाराने बाहेर पडले.

क्लबहाउसपासून आमच्या विंगपर्यंत पार्किंगमधला सरळ रस्ता आहे. मी अशी बाई आहे जी कुलूप लावून दोनदा परत येते, गॅस बंद आहे ना ते बघायला. रिक्षात बसल्यावर मागची सीट चाचपते. झोपलेल्या पोराच्या नाकापुढे बोट धरते. सबंध आयुष्य मी बघत राहिल्यानेच सगळं जागच्या जागी आहे, असं मला वाटत आलंय. त्या रस्त्यावर मी समोरच्या लिफ्टच्या दिव्यावर डोळे ठेवून चालत होते आणि मान दुखत होती.

पलीकडे माइकवर जयप्रकाशकाका आभार मानत होते. चहा-नाश्ता घेतल्याशिवाय कुणी जाऊ नये, म्हणत होते.

मग मागून तो आवाज आला. आधी मला वाटलं, कुठलं तरी जनावर आहे. मग त्यात शब्द आले, एकच शब्द, नाव, पुन्हा पुन्हा तेच नाव. तीन वर्षं लोक ज्याची वाट बघत होते ते रडणं आता रिकाम्या खोलीत चाललं होतं आणि बाहेर भांडी वाजत होती.

सुमेध थबकला. तो अनवाणी होता, बूट तिकडेच स्टेजवर राहिले होते. त्याची मान वळायला लागली. मी तळवा त्याच्या गालावर दाबला आणि तोंड समोर केलं. कडेवर घेतलं असतं तर त्याला माझ्या खांद्यावरून मागचं सगळं दिसलं असतं, म्हणून उचललं नाही.

"आई, आजी रडतेय."

"हो."

"मी उठलो म्हणून?"

"नाही रे."

तो थोडा वेळ चालला. मग म्हणाला, "मी परत जाऊन झोपू का?"

मी त्याचा हात इतका आवळला की तो कळवळला. सैल मात्र केला नाही. तसंच ओढत, गाड्यांच्या रांगेतून, त्याला पुढे घेऊन चालत राहिले.